पाण्याखालची कांडी

फॉस्फरस चव्वेचाळीस अंशांना वितळतो, हे मी तीन वर्षं मुलांना शिकवत होतो, पण ते स्वतः एकदाही पाहिलं नव्हतं. पुस्तकात होतं म्हणून फळ्यावर लिहीत होतो.

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. सावद्याच्या केळी लावणाऱ्या घरातला मी पहिलाच बी.एस्सी. झालेला. प्रयोगशाळा म्हणजे शाळेच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. वर पत्रे, पत्र्यांना आतून लाकडी तक्तपोशी, एक मोठं टेबल आणि भिंतीत दोन कपाटं. दुसरं महायुद्ध सुरू होतं, मुंबईहून रसायनं येणं जवळजवळ बंद झालं होतं. आहे ते जपून वापरा, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. आहे त्यात पिवळ्या फॉस्फरसची एक रुंद तोंडाची बाटली होती. पाण्यात बुडवलेल्या, मेणासारख्या दिसणाऱ्या पाच कांड्या. कापायला गेलं तर सुरी साबणातून जावी तशी जाते. पण पाण्याबाहेर काढली की पांढरा धूर सोडते, लसणासारखा वास येतो, आणि हवा जरा गरम असली की आपली आपणच पेटते. धुळ्याची हवा फेब्रुवारी सरला की तेवढी गरम असतेच. म्हणून ती कायम पाण्याखाली.

शिक्षकांच्या खोलीत संस्कृतचे एक वयस्कर गुरुजी माझी गंमत करायचे. एप्रिल संपता संपता एके दुपारी ते पंचाने मान पुसत म्हणाले, "तुमचे ते चव्वेचाळीस अंश म्हणजे आपल्या भिंतीवरच्या तापमापकाचे किती?"

"एकशे अकरा," मी म्हणालो.

"मग मे महिन्यात तुमच्या पत्र्याखाली तो बाटलीतल्या बाटलीतच पाघळत असेल की! पाहिलंत का कधी?"

पाहिलं नव्हतं. आणि ते मला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबू लागलो. आधी कांडीची घनता काढली. काट्याच्या पारड्यात पाण्याची छोटी बाटली ठेवायची, तिच्यात तुकडा टाकायचा, वजन किती वाढलं आणि पाणी किती बाहेर सांडलं ते पाहायचं. पाण्याच्या एक पूर्णांक आठ दशांश पट आली. पुस्तकातही तीच होती. आपल्या हातांनी काढलेला आकडा पुस्तकाशी जुळतो तेव्हा काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी एकटाच त्या खोलीत हसलो होतो.

मग वितळबिंदू. दिव्यावर पाणी तापवून तो पाच मिनिटांत काढता आला असता. पण मला गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. धुळ्याच्या उन्हाने, दिव्याशिवाय, फॉस्फरस वितळतो का? मी एक पसरट काचेचं भांडं घेतलं, त्यात पाणी भरलं, एक कांडी तळाशी आडवी ठेवली, आणि तापमापक पाण्यात बुडवून ठेवला. रोज दुपारी दोन वाजता दोन आकडे लिहायचो, खोलीचा आणि पाण्याचा. खोली एकशे सहा, एकशे आठपर्यंत चढली. पाणी मात्र नव्वदच्या वर जाईना. मला आधी तापमापकच बिघडलाय असं वाटलं. मग ध्यानात आलं की माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने हेही गार राहतंय. उघड्या भांड्यातलं पाणी उडून जात होतं आणि जाताना उष्णता घेऊन जात होतं. रोज संध्याकाळी मी तांब्याने थोडं पाणी वरून घालायचो आणि घरी जायचो. पाणी उडतंय, हे मला माहीत होतं. मीच तर ते वहीत लिहिलं होतं.

सुट्टी लागायच्या शुक्रवारी सावद्याहून चुलतभाऊ आला. धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्या गुरुवारी ठरलं होतं, आणि पाहुण्यांची सोय करायला मी आजच्या आज निघावं असा आबांचा निरोप होता. आबा म्हणजे माझे वडील. चुलतभाऊ टांगा थांबवून दारात उभा होता. मी प्रयोगशाळेत गेलो, पाच मिनिटांत आवराआवर केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि गाडी पकडली.

सावद्याला चार दिवस मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मांडव, वाजंत्री, बैलगाड्या, आचारी. मंगळवारी दुपारी आईने सांगितलं, तुझा कोट झटकून ठेव, लग्नात तोच घालायचाय. खुंटीवरून कोट काढला, खिशात हात घातला, आणि हाताला एक बूच लागलं. मेणकापडात गुंडाळलेलं, मोठं, रुंद बूच. फॉस्फरसच्या बाटलीचं.

मला ते ओळखायला एक क्षण लागला. बाहेर अंगणात ऊन असं होतं की पाय ठेववत नव्हता, आणि मी कुडकुडल्यासारखा उभा.

बूच माझ्याजवळ, म्हणजे बाटली उघडी. ती एकवेळ चालली असती. उंच बाटली, भरपूर पाणी, ते उडायला महिना लागेल. पण ती कांडी? ती मी भांड्यातून काढून बाटलीत टाकली होती का? मी डोळे मिटून तो शुक्रवार आठवायचा प्रयत्न केला. चिमटा हातात घेतला, हे आठवत होतं. बूच काढून खिशात टाकलं, हेही आता आठवल्यासारखं वाटत होतं. मग बाहेरून चुलतभावाची हाक आली होती, "भाऊ, गाडी चुकेल!" त्यानंतर थेट कुलपाचा आवाज. मधलं काही नव्हतं. कधी वाटायचं, कांडी बाटलीत सोडताना 'टप्' असा आवाज झाला होता. पण तो आवाज आदल्या आठवड्यातला असू शकत होता. जितकं आठवायला जावं तितकं मी ते मनाने रचतोय असं वाटू लागलं.

आणि त्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून शिपायाचं खोपट होतं. शिपाई, त्याची बायको आणि सहा महिन्यांचं मूल. सुट्टीतही ते तिथेच राहायचे. त्यांच्या खोपटात दुपारी भट्टी व्हायची, म्हणून बायको मुलाची झोळी प्रयोगशाळेच्या ओसरीत, तुळईला बांधायची. उत्तरेची सावली तेवढीच. त्या ओसरीच्या भिंतीपलीकडे माझं टेबल होतं. टेबलाशेजारी कपाट. कपाटात स्पिरिट, ईथर, आणि घासलेटात बुडवलेला सोडियम. वर लाकडी तक्तपोशी.

मला काय करायला हवं होतं ते आज कोणीही सांगेल. मलाही तेव्हा कळत होतं. मी तडक टपाल कचेरीत गेलो, तारेचा कागद घेतला. हेडमास्तर धुळ्यातच होते, त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. मी लिहिलं, प्रयोगशाळा उघडा, टेबलावरच्या भांड्यात पाणी घाला, हात लावू नका. पुढे काय लिहायचं? कारण लिहायला लागलं असतं. मी स्वतःच्या हौसेखातर, परवानगी न घेता, जपून वापरायला सांगितलेली वस्तू उघड्या भांड्यात ठेवली आणि विसरून आलो, हे लिहायला लागलं असतं. खात्री नसताना. तार बाबूने वाचली असती, पोस्टमनने वाचली असती, संध्याकाळपर्यंत देवपुरात सगळ्यांना कळलं असतं. आणि मग कांडी बाटलीत सुखरूप निघाली असती तर? मी मनाला सांगितलं की न समजता कोणी तिला हात लावला तर जास्त वाईट होईल. ही भीती खोटी नव्हती, पण ती पुढे करून मी दुसरी लपवत होतो. कागद फाडून खिशात कोंबला आणि घरी आलो.

घरी येऊन मी मोजायला बसलो. परसातल्या पत्र्याच्या खोलीत, जिथे केळ्यांच्या रिकाम्या टोपल्या ठेवायचे, तिथे एक पसरट पितळी भांडं पाण्याने भरून ठेवलं. दार बंद केलं, म्हणजे माझ्या खोलीसारखीच हवा. पाण्याच्या पातळीशी ज्वारीच्या ताटाची एक काडी उभी करून तिच्यावर नखाने खूण केली. दर दोन तासांनी कोणाला तरी टोपली हवीय असं सांगून आत जायचो. खूण वर राहत होती, पाणी खाली जात होतं. बुधवारच्या पहाटे पाहिलं तेव्हा अर्धं बोट उतरलं होतं.

माझ्या भांड्यात, कांडीच्या वर, अडीच बोटं पाणी होतं. हा आकडा मला पक्का ठाऊक होता, कारण तापमापक किती बुडवायचा ते मी बोटं लावूनच ठरवलं होतं. रोज निदान अर्धं बोट, तर अडीच बोटांना फार तर पाच दिवस. शुक्रवार ते बुधवार, पाच दिवस.

आज.

मी त्या टोपल्यांमध्ये खाली बसलो. मोजमाप करून मी शहाणपणा केला असं नाही. मंगळवारी दुपारीच निघालो असतो तर बुधवारी सकाळी पोचलो असतो. मोजणं हा माझा थांबण्याचा बहाणा होता. काही न करता काहीतरी करतोय असं वाटण्याचा.

अंगणात बहिणीच्या हळदीची तयारी चालली होती. मी कोट घालून बाहेर आलो तर आबा समोरच.

"कुठी चालला?"

"धुळ्याला. आत्ता गाडी आहे. शाळेत आग लागू शकते, आबा. माझ्या चुकीने."

"लागली का लागू शकते?"

"माहीत नाही."

आबांचा चेहरा लाल झाला. "आज हयद, उद्या लगन, अन् पाव्हण्याइले मी काय सांगू? पोराले वाटलं की आग लागन, म्हून गेला?"

बहीण ओटीच्या दारात येऊन उभी होती, नवीन पातळात, हळद लागायची होती अजून. तिने विचारलं, "भाऊ, तठी कोणी हाये का?"

"लहान मूल आहे," मी म्हणालो.

"मग जाय ना," ती म्हणाली. "उभा काय राह्यला?"

मी निघालो. आबांनी हाक मारली नाही.

सावदा स्टेशनावरून भुसावळ, भुसावळहून जळगाव, पुढे चाळीसगाव, आणि तिथून धुळ्याची फाट्याची गाडी. हा प्रवास मी पन्नास वेळा केला असेल. त्या दिवशी प्रत्येक स्टेशनावर गाडी मुद्दाम थांबतेय असं वाटत होतं. ऊन चढत गेलं. खिडकीच्या लोखंडाला हात लावला तरी चटका बसायचा, आणि प्रत्येक चटक्यासरशी मी देवपुरातली खोली किती तापली असेल त्याचा हिशेब करायचो. पाणी कांडीच्या अंगाबरोबर आलं की कांडीची पाठ उघडी पडणार. ओली आहे तोवर नुसता धूर. वाळली की ज्वाला. पाणी गार ठेवत होतं ते पाणीच संपल्यावर कांडीला खोलीची सगळी उष्णता लागणार.

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीला दोन तास होते. फलाटावर एका बाकावर बसलो. शेजारी कोणी शेतकरी भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला आणि त्याने चटणीची पुरचुंडी उघडली. लसणाची चटणी. तो वास नाकात गेला आणि मी ताडकन उठलो. तो बिचारा म्हणाला, "या ना भाऊ, घास खा." मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि तिथेच उन्हात उभा राहिलो. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला आईची आठवण येत होती.

धुळ्याला उतरलो तेव्हा दुपार कलायला लागली होती, पण झळा तशाच. टांगा केला. पांझरेच्या पुलावर आल्यावर मी उभा राहून देवपुराच्या बाजूला धूर दिसतो का ते पाहू लागलो. टांगेवाला म्हणाला, "बसा ना साहेब, घोडा बुजेल." धूर दिसला नाही. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

शाळेच्या आवारात शिरलो तर शिपायाची बायको ओसरीपासून लांब, कडुलिंबाखाली उभी होती, पदर नाकाला लावून. झोळी ओसरीत नव्हती.

"मूल कुठे आहे?" मी ओरडलो.

"आठेच शे, निंबखाले," ती झाडाखाली बोट दाखवत म्हणाली. "मास्तर, तुमनी खोलीमा काय शे? सकायपासून लसूणना वास येस. मी यासले सांगं, तर म्हणतस, चावी मास्तरपान शे. मी पोऱ्याले उचलीसन आठे लई उनू."

तिचा नवरा हेडमास्तरांकडे सांगायला आत्ताच गेला होता. मी किल्ली काढली. दाराच्या फटीतून पांढरा धूर येत होता, अगदी बारीक, अगरबत्तीच्या धुरासारखा.

दार उघडलं आणि आत हवा गेली. मी आत शिरायच्या आधीच टेबलावर भप्प असा आवाज झाला.

भांड्यात पाण्याच्या वर कांडीची पाठ दिसत होती आणि ती पिवळ्या, झगझगीत ज्वालेने जळत होती. पांढरा धूर छताला भिडून खाली उतरत होता. तो धूर छातीत गेला की झोंबतो, घसा आतून सोलल्यासारखा होतो. पहिलाच श्वास घेतला आणि मी दुमडलो. कपाट टेबलापासून हातभर होतं.

मला माहीत होतं की यावर ओली वाळू टाकायची. मुलांना मीच सांगायचो. पण दाराशी पाण्याची बादली होती, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. तांब्या भरून जोरात फेकला. वितळलेला फॉस्फरस पाण्याबरोबर उडाला. टेबलावर, जमिनीवर, कपाटाच्या दारावर ठिपके पडले आणि प्रत्येक ठिपका पेटला. आणि माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर कोणीतरी निखारा दाबून धरला असं वाटलं.

मी किंचाळलो असणार. शिपायाची बायको दारात आली. भिंतीच्या कामासाठी नदीची रेती आवारात पडली होती, आणि सकाळी कोणीतरी तिच्यावर पाणी मारलं होतं. ती काही न विचारता घमेलं भरून आली.

"कोठे टाकू?"

"टेबलावर! भांड्यावर! कपाटाकडे जाऊ नको!"

तिने एक घमेलं भांड्यावर उपडं केलं, दुसरं टेबलावर, तिसरं जमिनीवर. पदर दातात धरून, डोळे अर्धे मिटून. कपाटाच्या दारावरचे दोन ठिपके मी उजव्या हाताने ओल्या रेतीने लिंपले. चार-पाच मिनिटं झाली असतील. ज्वाला दिसेनाशा झाल्या. आम्ही दोघं बाहेर येऊन खोकत जमिनीवर बसलो.

माझा हात अजून जळत होता. मी बादलीत घातला की थांबायचा. काय झालंय ते पाहायला बाहेर काढला, पाणी ओघळलं, आणि कातडीत रुतलेल्या कणांतून पुन्हा धूर निघू लागला. माझ्याच हातातून. मी पुन्हा पाण्यात कोंबला. मला तेव्हा जी भीती वाटली तिची तुलना मी कशाशी करू शकत नाही. आग खोलीत असते तेव्हा आपण पळून जाऊ शकतो.

"हात भायेर काढू नका," ती म्हणाली आणि तिने माझं मनगट बादलीत दाबून धरलं. तिला रसायनशास्त्र काही ठाऊक नव्हतं. तिने पाहिलं की पाण्यात विझतं आणि हवेत पेटतं, आणि तेवढं तिला पुरलं.

हेडमास्तर आणि शिपाई टांग्याने आले. मी दात आवळून सांगितलं, कपाटात खालच्या फळीवर मोरचूद आहे, निळे खडे, चिमूटभर तांब्यात विरघळवा. मोरचुदाचं पाणी लागलं की फॉस्फरसवर काळा थर चढतो आणि तो पेटायचा थांबतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हेही मी कधी करून पाहिलं नव्हतं. हेडमास्तरांनी स्वतः ते पाणी माझ्या हातावर ओतलं. कण काळे पडले. पण काही इतके खोल होते की दिसतच नव्हते.

हेडमास्तरांनी बोलावलेले दवाखान्याचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनी एका वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या. दारावर सतरंजी टाकली. बाहेर उजेड असताना तो वर्ग काळोखा झाला. "आता हात वर काढा," ते म्हणाले.

मी काढला. माझ्या हाताच्या पाठीवर सात-आठ हिरवट ठिणग्या चमकत होत्या, मंद, न हलणाऱ्या. एक करंगळीच्या पेराशी, दोन मनगटाजवळ, बाकीच्या मध्ये विखुरलेल्या. डॉक्टरांनी चिमट्याने एकेक उचलायला सुरुवात केली. प्रत्येक कण निघाला की तेवढा उजेड कमी व्हायचा. मला दुखत होतं, पण त्याहून अधिक मी पुढची ठिणगी कुठे आहे तेच पाहत होतो. "अजून एक," डॉक्टर म्हणायचे, "अजून एक आहे." शेवटी हात पूर्ण काळोखात दिसेनासा झाला. त्यांनी मिनिटभर वाट पाहिली, मग सतरंजी बाजूला करायला सांगितली.

हात बांधून झाल्यावर हेडमास्तर माझ्यासमोर बसले. मी सगळं सांगितलं. भांडं, बूच, पितळी भांड्यातली काडी, फाडलेली तार. तारेचं सांगायची गरज नव्हती, कोणाला कधी कळलं नसतं. पण शिपाई मागे उभा होता, आणि त्याच्यासमोर ते झाकणं मला जमलं नाही.

हेडमास्तर मग म्हणाले, "काल दुपारी तार मिळाली असती तर मी दहा मिनिटांत दार उघडलं असतं."

"हो."

"मग का नाही केलीत?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

शिपाई पुढे आला. तो माझ्याशी नेहमी खाली मान घालून बोलायचा. त्या दिवशी त्याने मान वर केली. "मास्तर, तठे मना पोऱ्या निजस. तुमले माहीत व्हतं?"

"माहीत होतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं तो मारेल, आणि मारावं असंही वाटलं. पण तो वळून बाहेर गेला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

मी राजीनामा लिहून दिला. हेडमास्तरांनी तो वाचला आणि खणात ठेवला. म्हणाले, जूनपर्यंत थांबा, मग पाहू. बाटलीतल्या उरलेल्या चार कांड्या त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी पांझरेच्या कोरड्या पात्रात नेऊन जाळायला लावल्या. संस्कृतचे गुरुजी माझ्याबरोबर आले, कारण मला एका हाताने ते जमणार नव्हतं. एकेक कांडी वाळूत ठेवून आम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभे राहिलो. उन्हात ज्वाला दिसतही नव्हती, नुसता पांढरा धूर. गुरुजी त्या दिवशी काही गमतीचं बोलले नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, "मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं." मी म्हणालो, तुमचा प्रश्न बरोबरच होता. आणि खरंच होता. त्याचं उत्तर मला आजही माहीत नाही.

लग्नानंतर चौथ्या दिवशी आबा आले. न कळवता, एकटेच, पोतडीत लाडू आणि शेव घेऊन. मी खोलीत झोपलो होतो. त्यांनी माझा बांधलेला हात पाहिला, खाटेच्या कडेला बसले आणि विचारलं, "कोणाले लागलं का दुसऱ्या?"

"नाही."

"पोरगं?"

"ठीक आहे."

त्यांनी मान हलवली. मग लग्नाचं सांगू लागले. वरात कशी आली, आचाऱ्याने वरणात मीठ जास्त कसं घातलं, बहीण निघताना कशी रडली आणि गाडीत बसल्यावर कशी हसली. बुधवारचा विषय त्यांनी काढला नाही. जेवणाच्या वेळी लाडवांची अर्धी पुरचुंडी बांधून ते बाहेर गेले आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत आले. कुठे गेला होतात, असं विचारलं तर म्हणाले, पाय मोकये करून आलो.

ते शिपायाच्या खोपटात गेले होते, हे मला पावसाळ्यात कळलं, आणि तेही त्याच्या बायकोकडून. आबा तिथे जमिनीवर बसले होते, मूल मांडीवर घेतलं होतं, आणि निघताना त्या दोघांना हात जोडून म्हणाले होते की माझ्या पोराने वाईट केलं. माझ्या वतीने माफी मागायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ती मीच मागायला हवी होती, आणि तोवर मी मागितली नव्हती.

ते कळलं त्याच संध्याकाळी मी गेलो. खोपटाच्या दारात उभा राहिलो आणि काय बोलायचं ते घरून ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो. शिपाई चुलीपाशी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती म्हणाली, "बसा मास्तर," आणि माझ्यासाठी पाट सरकवला.